ज्येष्ठांमधील रक्ताचा कर्करोग: उपचार वय पाहून ठरवावेत का?

पारिजात (पाचपाखाडी, ठाणे)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७६ आहे. गेल्या पावसाळ्यापासून जिना चढताना त्यांना दम लागू लागला. हिमोग्लोबिन ११ वरून ९ वर आणि पुढे ७.८ वर आले, तरी नेहमीच्या दवाखान्यात "या वयात एवढे चालायचेच" असे सांगून लोहाच्या गोळ्या देण्यात आल्या. नंतर दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि कुठे आपटल्याचे आठवत नसतानाही मांडीवर काळेनिळे डाग दिसू लागले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी केवळ यंत्रातून आलेल्या आकड्यांवर न थांबता रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगितला. त्यात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, दिसल्या आणि बोन मॅरो (अस्थिमज्जा) तपासणीनंतर अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे (एएमएल, वेगाने वाढणारा रक्ताचा कर्करोग) निदान झाले.

रक्तविकारतज्ज्ञांच्या मते नेहमीची जोरदार केमो बाबांना झेपणार नाही. त्यांनी ॲझासिटिडीनची इंजेक्शने आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या सुचवल्या आहेत. घरात मात्र दोन तट पडले आहेत. काका म्हणतात की शहात्तराव्या वर्षी माणसाचे हाल करू नयेत, तर भावाला एक दिवसही वाया घालवायचा नाही. बाबांना आतापर्यंत फक्त "रक्त कमी आहे" एवढेच सांगितलेले आहे.

निव्वळ वयाचा आकडा पाहून असा निर्णय घ्यावा का? ज्यांच्या घरी सत्तरीपुढील व्यक्तीला रक्ताचा कर्करोग झाला आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

नौपाडेकर

वाचून वाईट वाटले. अनुभव नाही, पण प्लेटलेटसाठी दाते लागले तर आमच्या सोसायटीतील तरुण मंडळी तयार असतात. निःसंकोच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

मोगरा (नेरूळ)

निदानाला उशीर होतो हा मुद्दा माझ्याही जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमचा आजार वेगळा होता. सासूबाईंना ७१ व्या वर्षी मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, झाल्याचे कळले. त्याआधी कित्येक महिने त्यांची पाठ दुखत होती आणि ते दुखणे हाडे ठिसूळ झाल्यामुळे आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यांचा स्वभाव दुखणे अंगावर काढण्याचा. वेदनाशामक गोळी घ्यायची आणि देवपूजेला बसायचे. मायलोमात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो आणि अशा गोळ्या त्यात भर घालतात, हे आम्हाला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढल्यावर समजले.

त्यांच्या जुन्या अहवालात एक ओळ होती, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. एकूण प्रथिने जास्त होती आणि अल्ब्युमिन मात्र कमी. म्हणजे ग्लोब्युलिनचा भाग अवाजवी वाढला होता. ईएसआरही (रक्तपेशी खाली बसण्याचा वेग) शंभराच्या वर होता. नव्या डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि लगेच सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस व फ्री लाइट चेन या तपासण्या सांगितल्या. पहिलीत एम-बँड, म्हणजे रोगट पेशींनी बनवलेल्या एकाच प्रथिनाचा पट्टा, दिसला. वयस्कर माणसाची सतत दुखणारी पाठ, कमी झालेले हिमोग्लोबिन, वाढलेले कॅल्शियम किंवा क्रिएटिनिन यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तरी ही तपासणी करून घ्यावी असे मी सर्वांना आग्रहाने सांगते.

उपचार त्यांच्या प्रकृतीला झेपतील असे कमी मात्रेत दिले गेले. बॉर्टेझोमिबचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली, लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि डेक्सामेथासोन. नागीण होऊ नये म्हणून ॲसायक्लोव्हिर आणि रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून ॲस्पिरिन. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड सुरू करण्याआधी दातांची तपासणी करून घेतली, कारण त्या औषधावर असताना दात काढावा लागला तर जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. बॉर्टेझोमिबमुळे तळपायांना मुंग्या येत. एकदा त्या स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आल्या आणि एका पायातील चप्पल वाटेतच राहिल्याचे त्यांना जाणवलेही नाही. ते डॉक्टरांना सांगताच मात्रा घटवली गेली. असे बारीकसारीक बदल घरच्यांनी टिपून ठेवले पाहिजेत, कारण ज्येष्ठ मंडळी स्वतःहून ते सांगत नाहीत.

आज त्या स्वतः भाजी निवडतात आणि नातवाचा अभ्यास घेतात. ७१ हे उपचार नाकारण्याचे वय नव्हते.

रक्तपेशी (वाशी)

मी या क्षेत्रात काम करतो. कोणत्याही एका रुग्णाविषयी येथे सल्ला देणे योग्य होणार नाही, परंतु सर्वसाधारण माहिती देतो.

एएमएल, मायलोमा, एमडीएस (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी तयार होण्याचा आजार) आणि सीएलएल (सहसा सावकाश वाढणारा ल्युकेमिया) हे मुख्यतः उतारवयातील आजार आहेत. पाश्चात्त्य देशांत एएमएल आणि मायलोमाच्या निदानाचे मध्यक वय (निम्मे रुग्ण त्याहून लहान, निम्मे मोठे) सत्तरीच्या आसपास आहे. भारतात मायलोमा त्याहून सुमारे दहा वर्षे आधी आढळतो. असे असूनही ज्येष्ठांचे कमी हिमोग्लोबिन "वयोमानानुसार" या एका शब्दाखाली झाकले जाते. वयामुळे हिमोग्लोबिन ७.८ होत नसते, त्यामागे कारण असते. बहुतेक वेळा ते लोहाची किंवा बी-१२ ची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार किंवा आतड्यातील रक्तस्राव असे असते. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते, आणि तिच्यामुळे तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होऊन चित्र कधीकधी इतके हुबेहूब एमडीएससारखे दिसते, की ती तपासल्याखेरीज पुढे जाऊच नये. लोह व बी-१२ देऊनही सुधारणा नसेल, पेशींचा आकार मोठा असेल, किंवा पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही कमी असतील, तर स्मिअर आणि मग बोन मॅरो तपासणी टाळू नये.

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. जन्मतारीख ही एक नोंद आहे. खरा प्रश्न असतो तो शरीराच्या राखीव ताकदीचा. म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी पाहतो: रुग्ण खुर्चीतून हात न टेकता उठतो का, चार मीटर अंतर किती वेगाने चालतो, आंघोळ, कपडे, जेवण स्वतः करतो का, पैशांचे व औषधांचे व्यवहार सांभाळतो का, गेल्या सहा महिन्यांत वजन किती घटले, पडणे झाले का, स्मरणशक्ती कशी आहे, हृदय व मूत्रपिंड कसे आहे आणि रोज गोळ्या किती घेतो. मायलोमासाठी २०१५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी वय, दैनंदिन कामे आणि सहव्याधी यांवरून गुण देण्याची पद्धतच मांडली. त्यात वयाला गुण आहेत, परंतु ते एकूण गुणांचा केवळ एक भाग आहेत. लिम्फोमामध्येही (लसीका ग्रंथींचा कर्करोग) ऐंशीच्या पुढच्या रुग्णांसाठी आर-चॉप हे नेहमीचे औषधांचे मिश्रण कमी मात्रेत, म्हणजे आर-मिनी-चॉप म्हणून, देता येते.

एएमएलमध्ये ॲझासिटिडीन व व्हेनेटोक्लॅक्स ही जोडी ७५ वर्षांवरील किंवा जोरदार केमो न झेपणाऱ्या रुग्णांमध्येच अभ्यासली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत केवळ ॲझासिटिडीन घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ९.६ महिने होते, तर दोन्ही औषधे घेणाऱ्यांचे १४.७ महिने. हे आकडे मी मुद्दाम जसेच्या तसे देत आहे. यात आशा आहे आणि मर्यादाही आहे. बहुतेकांमध्ये हा उपचार आजार कायमचा मिटवत नाही. जनुकीय तपासणीत एनपीएम-१ किंवा आयडीएचमध्ये बदल असेल तर प्रतिसाद चांगला मिळण्याची शक्यता वाढते आणि टीपी-५३ मध्ये बदल असेल तर ती कमी होते. म्हणून तो अहवाल येण्यास थोडा वेळ लागत असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर काही दिवस थांबण्यात हानी नसते. एपीएल या उपप्रकारात मात्र एक दिवसही थांबता येत नाही. तेथे रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो, आणि आर्सेनिक व एट्रा या औषधांनी अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

सह्यकडा (ऐरोली)

डॉक्टरांचा प्रतिसाद संतुलित आहे, तरीही वेगळी बाजू मांडतो. माझ्या वडिलांना ८३ व्या वर्षी एएमएल झाला. हृदय अशक्त होते आणि दोनदा पक्षाघात होऊन गेला होता. आम्ही केमो घेतली नाही. पांढऱ्या पेशी आटोक्यात ठेवण्यासाठी हायड्रॉक्सियुरिया, गरजेप्रमाणे रक्त, ताप आला तर प्रतिजैविक आणि वेदनेसाठी पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) विभागाने दिलेले मॉर्फिन, एवढ्यावर ते शेवटपर्यंत घरी राहिले. नातेवाइकांनी आम्हाला फार बोल लावले. "पैसे वाचवले" असेही कानावर आले. उपचार न घेणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे नव्हे, एवढेच मला ठामपणे नोंदवायचे आहे.

मोगरा (नेरूळ)

सह्यकडा, तुमच्या निर्णयाचा मी आदर करते. फक्त एक विचारते: तो निर्णय वडिलांचा होता की तुमचा?

सह्यकडा (ऐरोली)

त्यांचा. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून दोन्ही मार्ग समजावले. त्यांनी विचारले, "केमो घेतली तर मी गणपतीला घरी असेन का?" डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की पहिल्या महिन्याचा बराचसा भाग रुग्णालयात जाईल. ते म्हणाले, "मग नको." आम्ही त्यानंतर तो विषय पुन्हा काढला नाही.

समई (कळवा)

मला वाटते या धाग्यातील खरा पेच येथेच आहे. पारिजात, काका आणि भाऊ दोघेही मनापासून बोलत आहेत, पण ज्यांना सुई टोचली जाणार आहे त्यांना अजून कोणी विचारलेले नाही. आमच्याकडेही आईपासून आजार लपवला होता. ती सही करताना फॉर्मवरील विभागाचे नाव वाचत असे आणि आम्हाला त्रास होऊ नये म्हणून काही विचारत नसे. दोन्ही बाजूंनी नाटक चालू होते. शेवटी परिचारिकेनेच आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की आजींना सर्व ठाऊक आहे.

खाडीकाठ (कोपरी)

समई यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक मनाची घडण वेगळी असते. माझे आजोबा "कॅन्सर" हा शब्द ऐकताच जेवण सोडतील अशा स्वभावाचे होते. सर्व काही एका बैठकीत सांगून टाकणे म्हणजे प्रामाणिकपणा असे मला वाटत नाही.

रक्तपेशी (वाशी)

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आम्ही सुरुवात प्रश्नाने करतो. "तुम्हाला काय झाले आहे असे वाटते? किती जाणून घ्यायला आवडेल?" काही जण म्हणतात, "सर्व सांगा." काही जण म्हणतात, "मुलीशी बोला, तिने ठरवले ते मला मान्य." हे दुसरे उत्तरही रुग्णाने स्वतः दिलेले असते, म्हणून तेही मान्य करावे. मात्र उपचारात दर महिन्याला सलग सात दिवस इंजेक्शने घ्यायची, वारंवार रक्त चढवून घ्यायचे आणि गर्दी टाळायची असेल, तर काहीच न सांगता ते निभावणे जवळजवळ अशक्य असते.

खाडीकाठ (कोपरी)

हे पटले. एक शंका विचारतो. आमच्या शेजारच्या आजींनी बोन मॅरो तपासणीला नकार दिला आहे, कारण मणक्यात सुई घातली की पाय लुळे पडतात असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.

रक्तपेशी (वाशी)

ही सुई मणक्यात घालत नाहीत. कमरेच्या मागील बाजूस, जेथे पट्टा बसतो त्याखाली, नितंबाच्या हाडाचा एक कठीण उंचवटा हाताला लागतो. तेथे भूल देऊन अस्थिमज्जेचा द्रव आणि हाडाचा काडीएवढा तुकडा घेतात. अर्ध्या तासात काम होते. द्रव ओढताना काही क्षण कळ येते, ती भुलीने पूर्ण जात नाही, हे आधीच सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना कळवावे. मज्जारज्जू तेथून दूर असल्याने पाय लुळे पडण्याचा प्रश्न येत नाही.

कोपरीकर मास्तर

मी ६८ वर्षांचा असून स्वतः रुग्ण आहे, म्हणून लिहितो. मला सीएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा एक दीर्घकालीन प्रकार, आहे. प्लीहा वाढल्यामुळे दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटे. सीबीसीमध्ये (रक्तपेशींची मोजणी) पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर निघाल्या, तेव्हा घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर बीसीआर-एबीएल ही जनुकीय तपासणी झाली आणि इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम सुरू झाले. रोज जेवणासोबत मोठा पेलाभर पाण्याने एक गोळी. पापण्यांना थोडी सूज येते आणि पोटऱ्यांत पेटके येतात, याखेरीज तक्रार नाही.

हा आजार कसा उलगडत गेला हे मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले. १९६० साली फिलाडेल्फियातील दोन संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखवले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात. त्या बदलातून तयार होणाऱ्या प्रथिनालाच रोखणारी गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधे बाजारात टिकून राहिली. माझ्यासारख्या पेन्शनरला ही गोळी परवडते ती त्यामुळेच. पारिजातताई, "रक्ताचा कर्करोग" या एका नावाखाली किती वेगवेगळे आजार आहेत हे तुमच्या काकांना अवश्य सांगा. काही वर्षानुवर्षे गोळीवर राहतात, काहींना तातडीने हात घालावा लागतो.

वडाची सावली (घोडबंदर रोड)

मास्तरांना पुष्टी देतो. माझ्या आत्याला सीएलएल आहे आणि तिला काहीच औषध नाही. ठरावीक महिन्यांनी सीबीसी करायचा, गाठी, ताप, वजन यांकडे लक्ष ठेवायचे. कर्करोग आहे आणि डॉक्टर उपचार करत नाहीत, हे घरच्यांच्या गळी उतरत नव्हते. लक्षणे नसताना लवकर औषध देऊन आयुष्य वाढत नाही, हे दुसऱ्या तज्ज्ञांनीही सांगितले तेव्हा जीव भांड्यात पडला.

हिरवाई (खारघर)

प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस आणि प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल द्यावी, असे मी सुचवेन. आमच्या ओळखीत फरक पडला आहे.

रक्तपेशी (वाशी)

आपली कळकळ समजते, परंतु येथे मला स्पष्ट विरोध नोंदवावा लागेल. एएमएलमध्ये प्लेटलेट कमी होतात कारण तणाने शेत व्यापावे तशी अस्थिमज्जा रोगट पेशींनी व्यापलेली असते. पानांचा रस तेथे काही करू शकत नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील तज्ज्ञांनीच २०२१ साली प्रसिद्ध केली आहे. शिवाय व्हेनेटोक्लॅक्सचे प्रमाण रक्तात सहज खालीवर होते. पोसाकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध सोबत असेल तर त्याची मात्रा बरीच कमी करावी लागते आणि ग्रेपफ्रूटही वर्ज्य असते. काढा असो वा चूर्ण, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

नौपाडेकर

आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या कार-टी उपचाराविषयी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरणे) बरेच ऐकले होते. तो येथे चालेल का? आणि दुसरे म्हणजे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत आयुष्य गेलेल्यांना हा आजार जास्त होतो का?

रक्तपेशी (वाशी)

त्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही (टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र) त्याच्या चाचण्या झाल्या. परंतु तो बी-पेशींच्या लिम्फोमा व ल्युकेमियासाठी, तेही आजार उलटल्यावर किंवा आधीच्या उपचारांना न जुमानल्यास, वापरतात. एएमएलसाठी नाही. दुसऱ्या प्रश्नाबाबत: बेन्झीन हे एएमएलचे सिद्ध झालेले कारण आहे. मात्र एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा आजार त्यामुळेच झाला, हे वर्षांनंतर ठरवता येत नाही.

समई (कळवा)

खर्चाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आधार कार्डावर नोंदणी होते. मात्र योजनेतील रुग्णालय कोणते आणि नेमकी ही औषधे त्यांच्या पॅकेजमध्ये बसतात का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे विचारून घ्यावे. भरती झाल्यावर धावाधाव करताना पळता भुई थोडी होते.

पारिजात (पाचपाखाडी, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. थोडे उशिरा लिहिते आहे, कारण मधले दिवस रुग्णालयात गेले.

रक्तपेशी यांनी लिहिलेला प्रश्न मी बाबांना जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, "हिमॅटॉलॉजी म्हणजे काय ते मी केव्हाच पाहून ठेवले आहे. तुम्ही केव्हा सांगता याची वाट पाहत होतो." त्यानंतर त्यांनी डॉक्टरांकडे स्वतः जाऊन वहीत लिहून आणलेले प्रश्न विचारले. उपचार घ्यायचा, पण दोन चक्रांनंतर फायदा दिसला नाही तर थांबायचे आणि कोणत्याही परिस्थितीत व्हेंटिलेटर नको, असे त्यांनी काकांसमोर आणि भावासमोर सांगितले. वाद तेथेच संपला.

पहिल्या चक्रात गोळ्यांची मात्रा पायरीपायरीने वाढवली, कारण रोगट पेशी एकदम फुटल्या तर पोटॅशियम आणि युरिक ॲसिड वाढून मूत्रपिंडाला धोका असतो. मध्ये ताप आला, तेव्हा जीव टांगणीला लागला होता. चक्राच्या शेवटी केलेल्या मॅरोमध्ये ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली आले आहेत. पण प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) अजून वर येत नाहीत, म्हणून दुसरे चक्र पुढे ढकलले आहे. भावाला भीती वाटते की या विलंबात आजार पुन्हा उचल खाईल.

रक्तपेशी (वाशी)

अहवाल उत्तम आहे. मॅरो स्वच्छ असताना पेशी वर येण्यासाठी दोन आठवड्यांपर्यंत थांबणे आणि पुढील चक्रांत गोळ्यांचे दिवस कमी करणे, हा या उपचाराचाच भाग आहे. अशा वेळी घाईने औषध दिल्यास जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. ३८ अंशांवर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तपेढीला विकिरणित (किरणांची प्रक्रिया केलेल्या) रक्तघटकांविषयी तुमच्या डॉक्टरांकडून लेखी सूचना हवी का, तेही विचारून ठेवावे.

नौपाडेकर

पारिजात, व्यनि केला आहे. आमच्याकडील चौघांची शिरांची तपासणी रक्तपेढीत करून घेतली असून ते सिंगल डोनर (एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या) प्लेटलेटसाठी पात्र ठरले आहेत. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही आणि दोन वेळांत किमान ४८ तासांचे अंतर लागते, म्हणून चौघांना आळीपाळीने बोलवावे. प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते. त्यामुळे आधीपासून साठा करू नका, आदल्या दिवशी कळवलेत तरी पुरे.